खैराची पाचर

पुणे
९ सप्टेंबर २०२५

ती. अण्णा यांस,
स. जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. तीस वर्षं सहासीटरच्या इंजिनाशेजारी बसून तुमचे कान गेले, त्यामुळे फोनवर मी इथे ओरडते आणि अख्खं ऑफिस माना वळवून बघतं. त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय पत्रात आई मधे बोलू शकत नाही. (हे वाक्य तिला वाचून दाखवू नका.)

बातमी अशी की आमच्या कंपनीची नवी गाडी चाचणीसाठी आपल्याच रस्त्यावर येतेय, म्हसळा ते श्रीवर्धन. पाच गाड्या, सहा महिने. गाडी बनवलीय खरं तर शहरांसाठी. एकट्या माणसाला ऑफिसात जायला अख्खी मोटार लागते, अर्धा रस्ता अडतो आणि उरलेल्यात धूर. म्हणून ही अरुंद गाडी. तीन चाकं, वर छप्पर, पुढे काच. एक चालवणारा, त्याच्या पाठीमागे एक प्रवासी. सपाटीवर बॅटरीवर चालते, चढ आला की छोटं पेट्रोल इंजिन मदतीला येतं, आणि उतारावर ब्रेक दाबला की बॅटरी पुन्हा भरते. साहेबांना वळणावळणाचा रस्ता हवा होता. मी म्हटलं, आमच्याकडे या, सरळ रस्ता शोधून मिळायचा नाही.

आणि हो, ही गाडी वळणावर कलते. सायकलवाला जसा आतल्या अंगाला झुकतो तशी. पहिल्यांदा दचकाल, मग मजा वाटेल. स्टँडवर उभी केल्यावर पडू नये म्हणून एक खटका आहे. तो लावला की गाडी ताठ, दहा माणसांनी ढकलली तरी हलायची नाही.

चालक म्हणून आपला सम्यक आणि शेजारच्या नूतनकाकूंचा साहिल, दोघांची निवड झालीय. मी शिफारस केलेली नाही, दोघे आपल्या हुशारीने लागले. तुम्ही एकदा मागे बसून या आणि खरं काय वाटलं ते कळवा. गोड बोलू नका.

आईला जयभीम. माया आहेच, ती पत्रातून पाठवत राहा.

तुमची,
प्रज्ञा


मु. बेलकोंड, ता. म्हसळा
१७ सप्टेंबर २०२५

चि. प्रज्ञास,
अ. आ.

गाडी बगितली. तुझ्या आईने बगताक्षणी नाव ठेवलं, कलंडी. आता अख्खी वाडी कलंडीच म्हणते. तुमच्या कंपनीने पाटीवर विंग्रजी नाव रंगवलंय, ते कोणी वाचत न्हाय.

बसलो मागे. सपाटीला झकास. आवाज न्हाय असं सम्यक म्हणाला, मला काय, मला सगळ्याच गाड्या बिनआवाजाच्या. पण उतरणीचं पहिलं वळण आलं आन गाडी दरीच्या अंगाला झुकली, तेव्हा मी डोळे मिटून पोराच्या सदऱ्याला धरलं. सदऱ्याची शिवण उसवली. आई म्हणते एवढा बाप्या माणूस आन काय हे. तिला काय जातंय बोलायला. ती बसली न्हाय.

तू खरं लिवायला सांगितलंस म्हणून लिवतो. तू तेव्हा पाळण्यात होतीस. माझी सहासीटर त्याच उतरणीवर आडवी झाली होती. लग्नाची माणसं होती. एका बाईचा हात टपाखाली सापडला. गाडी उचलेपर्यंत मी तिचा दुसरा हात धरून बसलो होतो, आन ती मला सारखं विचारत होती की बांगड्या फुटल्या का. हात कोपरापासून गेला. त्या दिवसापासून माझा एकच कायदा, गाडी सरळ राहिली पायजे. सव्वीस वर्षं मी ती कलू दिली न्हाय. आन आता माझ्याच पोरीने कलणारी गाडी काढली. धन्य आहेस बाय.

दुसरं, स्टँडवर वातावरण बरं न्हाय. बाळाजी सहासीटरवाल्यांचा म्होरक्या झालाय. माझ्याच हाताखाली शिकला, क्लच कसा सोडायचा ते मी त्याच्या पायावर पाय ठेवून शिकवलंय. परवा मला म्हणाला, अण्णा, तुमच्या पोरीने आमच्या पोटावर पाय दिला. मी म्हटलं, एका माणसाच्या गाडीने तुझी सहा माणसं कशी पळतील. तो काय बोलला ते ऐकू आलं न्हाय, पण थुंकला ते दिसलं.

प्रकृतीला जप. लोभ हाय तसाच राहू दे.

तुझा,
अण्णा


मु. बेलकोंड
५ ऑक्टोबर २०२५

चि. प्रज्ञास,
अ. आ.

घाईने लिवतोय. धम्मचक्र दिनाच्या दुसऱ्या दिवशी सम्यकला स्टँडवर मारलं. सकाळचे दहा वाजले होते, भर बाजार. कलंडीत मागे एक म्हातारी बसली होती, तिला आधी हाताला धरून बाजूला बसवली, पाणी दिलं, आन मग पोराला केसाला धरून बाहेर ओढलं. पाच जण होते. बाळाजीने पहिली थोबाडीत दिली, मग बाकीचे तुटून पडले. खाली पाडून लाथा. समोरचे दोन दात गेले, एक बरगडी तडकलीय, डाव्या डोळ्याने अजून नीट दिसत न्हाय. गाडीची काच फोडली. बाळाजी जाताना बोलला की पुन्हा स्टँडवर दिसलास तर गाडीसकट दरीत घालीन. हे साहिलने ऐकलं, बाजारातल्या शंभर माणसांनी ऐकलं.

मी बाळाजीच्या घरी गेलो. त्याची बायको केसर दारात आली, म्हणाली घरी न्हाईत. तो आत होता, त्याच्या चपला दारात होत्या. मी त्या चपला उचलून विहिरीत टाकल्या आन परत आलो. माझं वय हाय का हे करायचं? पण केलं.

आन आपला बच्चन काय कमी हाय? बरगडीला पट्टा बांधलेला असताना दुसऱ्याच दिवशी गेला आन त्यांच्यातल्या दादूच्या तोंडावर हेल्मेट हाणलं. नाक फुटलं त्याचं. दादू रडत गेला म्हणे. सम्यक घरी येऊन हसत होता. दात नसलेलं ते हसू बघून तुझी आई उठून मागच्या दारी गेली. आता तो सीटखाली टॉमी ठेवून फिरतो, चाक खोलायची सळई. मला म्हणतो पंक्चरसाठी हाय.

मला माणसांची तेवढी भीती न्हाय. माणूस मारतो, माणूस थकतो. मला त्या उतरणीची भीती वाटते. तू लिवलंस की खटका लावला की गाडी ताठ राहते. मग तो खटका चालत्या गाडीत लावला तर? कलणं थोडं कमी करता येईल का? तेवढं कळव. एका डोळ्याने गाडी हाकतोय तो.

तुझा,
अण्णा


पुणे
८ ऑक्टोबर २०२५

ती. अण्णा,
स. जयभीम.

पत्र मिळालं. मी साहेबांना म्हटलं की चाचणी थांबवा. ते म्हणाले पोलिसांत तक्रार दिलीय, आता थांबलो तर मारणारे जिंकले. असं पुण्यात बसून बोलायला छान वाटतं. मी म्हटलं तुमचे दात पाडून घेता का आधी. त्यावर मीटिंग संपली.

सम्यकला घरी बसवा. ऐकणार नाही, माहितीय. निदान ती टॉमी काढून घ्या. हे मी हात जोडून सांगतेय, अण्णा. तो लहानपणी भांडताना आधी दगड शोधायचा, मग भांडायचा. हातात काही नसलं तर तो नुसता ओरडतो.

खटक्याचं विचारलंत. तो फक्त उभ्या गाडीसाठी आहे. गाडी चालू झाली की आपोआप सुटतो. चालत्या गाडीत तो लावायची कंपनीने सोयच ठेवलेली नाही. त्याची काळजी नको.

बाळाजीकाकांच्या चपलांचं वाचून एवढ्यातही हसू आलं. आईला सांगा मी दिवाळीला नक्की येते.

तुमची,
प्रज्ञा


जिल्हा कारागृहातून
२७ ऑक्टोबर २०२५

ताई,
जयभीम.

मोबाइल पोलिसांनी घेतलाय म्हणून हे लिहितोय. शाळेनंतर पहिल्यांदाच एवढं लिहितोय, शुद्धलेखन काढू नको.

तुला सगळ्यांनी तुकड्या-तुकड्यांत सांगितलं असेल. मी सरळ सांगतो. १४ तारखेला संध्याकाळी गाडी आपल्या अंगणात लावली. रात्रीत बरगडीने उचल खाल्ली, ताप भरला. १५ ला सकाळी साहिल आला, म्हणाला तू झोप, तुझी फेरी मी मारतो. त्याची गाडी चार्जिंगला होती म्हणून माझी घेऊन गेला. माझी, ताई. ती माझ्यासाठी होती.

पाऊण तासाने फोन आला. मी धावत गेलो, बरगडीबिरगडी सगळं विसरून. उतरणीच्या तिसऱ्या वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला आडवी पडून कठड्यापर्यंत घासत गेली होती. साहिलचा उजवा पाय दांडा आणि कठड्याचा दगड यांच्यामधे अडकलेला. गुडघ्याच्या खाली पाय नव्हताच, पायाच्या जागी नुसता चिखल होता आणि त्यात त्याची सॅंडल, बक्कल लावलेली. तो शुद्धीवर होता. मला सांगत होता, सम्या, ती कललीच नाही रे, अर्धी कलली आणि अडली. तेच तेच सांगत होता. आम्ही सहा जणांनी गाडी उचलली तेव्हा तो असा ओरडला की मला अजून जेवताना ऐकू येतं.

गाडी उचलली तेव्हा मला दिसलं. पुढच्या कलत्या दांड्याच्या सांध्यात लाकडाची पाचर मारलेली होती. खैराची, काळी, टणक. कोणीतरी मुद्दाम मारलेली. माझ्यासाठी. आणि कोणी धमकी दिली होती ते अख्ख्या बाजाराला माहीत होतं.

सीटखालची टॉमी घेतली. कोणाची तरी बाइक घेतली. बाळाजी स्टँडवर वडापाव खात होता. तीन घाव घातले. एक खांद्यावर, दोन डोक्यात. दुसऱ्या घावाला आवाज वेगळा आला, नारळ फोडल्यासारखा. मग लोकांनी मला धरलं आणि मलाही तुडवलं. हाताची दोन बोटं मोडलीत, डावी, म्हणून लिहिता येतंय.

काल इथे सांगितलं की बाळाजी नवव्या दिवशी गेला. आता केस खुनाची झाली. मी रडलो नाही. त्याने केलं, त्याला मिळालं. साहिलचा पाय कापला, तो काय परत येणार आहे? मला झोप लागते इथे. तू माझी काळजी करू नकोस, साहिलची कर.

तुझा,
सम्या


पुणे
२ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णा,
स. जयभीम.

मी तिथे आठ दिवस होते, तुम्ही माझ्या नजरेला नजर दिली नाहीत. मला वाटलं पोरगा आत गेला म्हणून. आता इथे आल्यावर जे विचारावंसं वाटतंय ते तोंडावर विचारायचं धाडस झालं नसतं.

आधी वकिलांचं सांगते. ते म्हणतात बाळाजीने पाचर मारली हे कोर्टात टिकलं, तर सम्यकने मित्राचा तुटलेला पाय बघून भान सुटल्यामुळे केलं असं मांडता येईल. शिक्षा बरीच कमी होऊ शकते. सगळी मदार त्या पाचरेवर आहे.

त्या पाचरेचे फोटो पोलिसांकडून आमच्या ऑफिसात आले, तांत्रिक अहवाल हवाय म्हणून. अहवाल माझ्या टेबलावर आलाय. मी दोन दिवस ते फोटो बघतेय. पाचर रंध्याने तासलेली आहे, चारी कडा मोडलेल्या. तिला सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलंय, दांडा घासू नये म्हणून. बारीक भोक पाडून तांब्याच्या तारेने सांध्याला बांधलीय, निसटू नये म्हणून. तारेची टोकं आत वळवलीत, चालवणाऱ्याला टोचू नयेत म्हणून.

अण्णा, दुसऱ्याला मारायला निघालेला माणूस तारेची टोकं आत वळवत नाही.

मला सरळ सांगा. हो किंवा नाही.

प्रज्ञा


मु. बेलकोंड
७ नोव्हेंबर २०२५

चि. प्रज्ञास,
अ. आ.

व्हय.

१४ तारखेला संध्याकाळी केलं. सम्यक चहा पिऊन औषध घेऊन पडला होता. तू लिवलं होतंस की चालत्या गाडीत खटका लावायची कंपनीने सोय ठेवलेली न्हाय. मी म्हटलं कंपनीने न्हाय ठेवली तर मी ठेवतो. आयुष्यभर हेच केलं. गाडीवाला विकतो तशी गाडी कोण चालवतं आपल्याकडे? स्प्रिंगेला पाटा चढवतो, टपाला आडवा पाइप मारतो. पुरती अडवायची न्हाय, अर्धी कलू दे, पण आडवी होऊ देऊ नको, एवढाच विचार. खैराचा तुकडा घरातच होता, नांगराचा उरलेला. झाल्यावर गाडी दोन्ही हातांनी हलवून बगितली. अर्ध्यावर घट्ट अडली. बरं वाटलं. पोराला सांगितलं न्हाय, त्याने ती काढून टाकली असती.

तू म्हणशील अण्णा, एवढी वर्षं गाडी चालवलीत, तुम्हाला कळलं कसं न्हाय की अरुंद गाडी वळणावर ताठ राहिली की उलटते. न्हाय कळलं. माझी गाडी रुंद होती. माझी अक्कल त्या गाडीएवढीच.

साहिलचा पाय मी घेतला. मी त्या पोराला उचलायला गेलो होतो वळणावर, तेव्हा पाचर दिसली. त्याच वेळी तोंड उघडायचं होतं. सम्यक बाइकवर बसला तेव्हा मला त्याच्या हातात टॉमी दिसली आन मी ओरडलो न्हाय. तो कुठे चाललाय ते मला कळलं होतं, प्रज्ञा. मी साहिलच्या पायावर टॉवेल धरून बसलो आन मनात म्हटलं, पोलिसांनी विचारलं तर सांगू.

आता ऐक. बाळाजीच्या घरावर वाडीतली पोरं दगड मारतात. कौलं फुटलीत. त्याची सहासीटर जाळली, ज्यावर मी त्याला शिकवलं ती. भिंतीवर कोळशाने खुनी असं लिवलंय. मेलेल्या माणसाच्या घरावर. केसर दोन पोरी घेऊन आत बसून असते, दुकानदार तिला मीठ देत न्हाईत. काल तिच्या थोरल्या पोरीच्या कपाळाला दगड लागला, चार टाके पडले.

मी पोलिसांत जाऊन सांगणार हाय. आधी केसरला, मग पोलिसांत.

तुझा,
अण्णा


पुणे
११ नोव्हेंबर २०२५

अण्णा,

थांबा. हे पत्र पोचेपर्यंत कुठेही जाऊ नका.

मी तुम्हाला दोष देत नाही. मी लिहिलं सोय नाही. मला लिहायचं होतं की न कलता ती गाडी उलटेल, माणूस मरेल. मला ते इतकं उघड वाटत होतं की मी लिहिलंच नाही. तेवढी एक ओळ. कुठल्याही नव्या मुलाला मी पहिल्या दिवशी ती शिकवते आणि स्वतःच्या बापाला शिकवली नाही.

पण तुम्ही बोललात तर सम्यकचं काय? मग त्याने निरपराध माणसाला मारलं असं होईल. वकील म्हणाले मग हातात काही राहत नाही. जन्मठेप, अण्णा. तो चोवीस वर्षांचा आहे. बाळाजीकाका तर आता परत येणार नाहीत. केसरकाकूंसाठी मी सगळं करीन, पोरींना इथे पुण्याला आणीन, शिकवीन. अहवालात मी फक्त लाकडाचं माप लिहीन, रबर आणि तारेचं लिहिणार नाही.

हो, मला माहीत आहे मी काय लिहितेय. वाचून झालं की पत्र चुलीत घाला. सम्यकला तर मुळीच कळवू नका. तिथे जाणारं-येणारं प्रत्येक पत्र जेलचे साहेब उघडून वाचतात. आणि तो बाळाजीला दोषी धरूनच तिथे दिवस काढतोय. ते काढून घेतलंत तर तो काहीतरी करून घेईल.

पाया पडते.

प्रज्ञा


मु. बेलकोंड
१७ नोव्हेंबर २०२५

चि. सम्यकास,
अ. आ.

तुझ्या ताईने न्हाय म्हटलं होतं. तिचं पत्र आलं तेव्हा मी जाऊन आलो होतो. तुझी आई म्हणाली की सम्यकला दुसऱ्या कोणाच्या तोंडून कळण्याआधी तुम्ही कळवा, म्हणून लिवतोय.

ती पाचर मी मारली. बाळाजीने न्हाय. तू पडू नयेस म्हणून मारली. तुझ्यासाठीच होती ती, ते तू बरोबर ओळखलंस. साहिलचा पाय माझ्यामुळे गेला, आन बाळाजीही माझ्यामुळेच.

परवा सकाळी केसरच्या दारात गेलो. तिला सांगितलं. तिने आधी मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. मग ती आत गेली आन भात कांडायचं मुसळ घेऊन आली. पहिला फटका गळ्याच्या हाडावर बसला, हाड मोडलं ते मला आतून कळलं. मी खाली बसलो. ती मारत राहिली, पाठीवर, दंडावर. पोरी दारात उभ्या राहून बघत होत्या, धाकटीने डोळे झाकले होते. ती थकली तेव्हा थांबली आन मुसळ माझ्या अंगावर टाकून दार लावून घेतलं. मी सरपटत अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत आलो. मग गावकीच्या लोकांना बोलावून सगळ्यांदेखत सांगितलं, की त्या घरावर यापुढे कोणी दगड उचलला तर त्याने आधी मला मारावा.

साहिलच्या घरीही गेलो. तो खाटेवर होता, पाय चादरीखाली. त्याने भिंतीकडे तोंड केलं. नूतनने मला पाणी दिलं. मी तांब्या तसाच खाली ठेवला.

पोलिसांनी जबाब घेतला, माझ्यावरही गुन्हा नोंदवलाय. वयामुळे जामीन होईल म्हणतात. तुझ्या केसचं वाईट झालं. वकील फोनवर ओरडत होते, एवढं ओरडत होते की मलाही थोडं ऐकू आलं.

तू मला काय म्हणशील ते मी ऐकून घेईन. बाळाजीला मारल्याचं पाप तुझ्या डोक्यावर घेऊ नको, ते माझं हाय. मी तोंड उघडलं असतं तर तू त्याला हात लावला नसतास.

तुझा,
अण्णा


जिल्हा कारागृहातून
२६ नोव्हेंबर २०२५

ती. अण्णा,
जयभीम.

पत्र मिळालं. पहिल्या दिवशी मी भिंतीवर हात आपटून घेतला, मोडलेली बोटं पुन्हा मोडली. दुसऱ्या दिवशी बराकीत एकाने विचारलं काय झालं, त्याचा गळा धरला. तीन जणांनी सोडवला. तुमचा इतका राग आला की तुम्ही समोर असतात तर काय झालं असतं मला माहीत नाही. हे खरं आहे म्हणून लिहितो.

आता दुसरं खरं लिहितो. ते मी ताईला लिहिलं नाही, वकिलाला सांगितलं नाही.

पहिला घाव खांद्यावर बसला तेव्हा बाळाजीकाका खाली बसला. हातातला पाव तसाच होता. माझ्याकडे बघून म्हणाला, सम्या, मी न्हाय रे, पोरींची शपथ, मी तुझ्या गाडीला हात लावला न्हाय. मला स्वच्छ ऐकू आलं. आणि अण्णा, मला ते पटलं. लहानपणापासून बघतोय मी त्याला, तो खोटं बोलायला लागला की नाक चोळतो. त्याने नाक चोळलं नाही. माझा हात खाली आला होता. टॉमी जमिनीला टेकली होती.

सगळा स्टँड गोल करून उभा होता. तेवढ्यात दादू मागून हसला. म्हणाला, बघा, कलंडीवाला कलंडला. सगळे हसले. बाळाजीकाका हसला नाही. तो मला उठायला हात मागत होता.

मग मी दुसरा घाव घातला. मग तिसरा.

तुमच्या पाचरेने मला स्टँडपर्यंत नेलं, ते तुमचं. तिथून पुढचं माझं आहे. ते तुम्ही घ्यायचं नाही. केसरकाकूंना सांगा की त्याने शपथ घेतली होती आणि मी ती ऐकली होती. त्यांनी मुसळ माझ्यासाठी ठेवावं.

बाहेर जाणारं पत्र इथले साहेब आधी वाचतात. वकिलाने दहा वेळा बजावलंय की कागदावर काही लिहू नकोस. म्हणून सुवाच्य अक्षरात लिहिलंय, डाव्या हाताने कागद धरता येत नाही तरी.

हाड जुळेपर्यंत जड उचलू नका. लोभ उरला असेल तर असू द्या, नसेल तर तसं कळवा, मी समजून घेईन.

तुमचा,
सम्यक